प्रागचे खगोलीय घड्याळ, यान शिंडेल आणि कादानचा मिकुलाश : श्रेय नेमके कोणाचे?

धागाकर्ता : ध्रुवमत्स्य

प्रागच्या जुन्या शहरातील नगरभवनाच्या मनोऱ्यावर, दक्षिणेकडील भिंतीवर जे खगोलीय घड्याळ आहे, त्याची छायाचित्रे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असतील. ज्यांनी ते प्रत्यक्ष पाहिले आहे, त्यांना एक कथा हमखास ऐकायला मिळालेली असते. हनुश नावाच्या कारागिराने हे अद्भुत घड्याळ बनवले, तसे दुसरे घड्याळ त्याने अन्य कोणत्याही शहरासाठी बनवू नये म्हणून नगरसभासदांनी त्याचे डोळे फोडले, आणि त्या आंधळ्या कारागिराने अखेरीस घड्याळात हात घालून ते बंद पाडले, अशी ती कथा आहे. माझा या कथेवरचा आक्षेप केवळ ती खोटी आहे एवढाच नाही. तिच्यामुळे ज्या दोन माणसांनी हे काम खरोखर उभे केले त्यांची नावे चारशे-साडेचारशे वर्षे झाकली गेली, आणि विद्यापीठातील एक गणिती व लोखंडात काम करणारा एक घड्याळजी एकत्र येऊन काय घडवू शकतात, हा त्या घड्याळातला सर्वांत मोलाचा भाग नजरेआड झाला. म्हणून हा धागा काढत आहे.

आधी कागदोपत्री काय आहे ते पाहू. ९ ऑक्टोबर १४१० या तारखेचा जुन्या शहराच्या सभेचा एक दस्तऐवज उपलब्ध आहे. कादान या गावचा घड्याळजी मिकुलाश याने शहरासाठी केलेल्या खगोलीय घड्याळाची त्यात प्रशंसा आहे आणि त्याबद्दल हावेल वेशीजवळचे एक घर त्याला दिल्याची नोंद आहे. घड्याळाच्या तबकडीवर काय काय दिसते याचे वर्णनही त्यात येते, त्यामुळे तो दस्तऐवज याच घड्याळाविषयी आहे याबद्दल संशय उरत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा दस्तऐवज अभ्यासकांसमोर आला, झ्देन्येक होर्स्की या विज्ञानेतिहासकाराने घड्याळाच्या इतिहासाची नव्याने मांडणी केली, आणि हनुशच्या नावावरचे श्रेय मिकुलाशकडे परत आले. हनुशचे नाव मुळात पुढे आले ते यान ताबोर्स्की याच्यामुळे. सोळाव्या शतकात या घड्याळाची देखभाल त्याच्याकडे होती आणि १५७० मध्ये त्याने त्याचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. त्या वर्णनात त्याने निर्मिती सुमारे १४९० ची आणि निर्माता हनुश असे नोंदवले. यंत्र समजण्याच्या बाबतीत ताबोर्स्की हा फार मोठा माणूस होता आणि त्याच्या लेखनावाचून आपल्याला आज पुष्कळ गोष्टी कळल्या नसत्या, परंतु उगमाच्या बाबतीत त्याला मिळालेली माहिती चुकीची होती. पुढे एकोणिसाव्या शतकातील चेक लेखकांनी हनुशची कथा घरोघरी पोहोचवली.

आता यान शिंडेल. त्याचा जन्म चौदाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकात ह्रादेत्स क्रालोवे या गावी झाला. प्राग विद्यापीठात तो शिकला, तेथेच अध्यापक झाला, प्रागच्या माला स्त्राना भागातील सेंट निकोलस चर्चच्या शाळेचा काही काळ प्रमुख होता, व्हिएन्नात त्याने गणित व खगोलशास्त्र शिकवले, आणि वैद्यकाचाही त्याने अभ्यास केला. १४१० मध्ये, म्हणजे मिकुलाशला घर मिळाले त्याच वर्षी, तो प्राग विद्यापीठाचा कुलगुरू होता. राजा वाक्लाव चौथा याचा तो वैद्य होता. त्या काळात वैद्यक आणि खगोलशास्त्र ही एकाच माणसाने करायची कामे मानली जात, कारण रक्तमोक्षण किंवा औषध देण्याची वेळ चंद्राच्या स्थितीवरून ठरवली जाई.

ते वर्ष कसे होते हेही लक्षात घ्यायला हवे. चौथ्या कार्ल राजाने १३४८ मध्ये स्थापन केलेले हे विद्यापीठ तेव्हा ऐन उलथापालथीत होते. १८ जानेवारी १४०९ च्या कुत्ना होरा येथील फर्मानाने विद्यापीठाच्या कारभारात चेक गटाला तीन मते आणि बाकीच्या तीन गटांना मिळून एक मत देण्यात आले. जर्मन अध्यापक व विद्यार्थी मोठ्या संख्येने निघून गेले, आणि त्याच वर्षी लाइपझिगला नवे विद्यापीठ उभे राहिले. शिंडेलच्या आधी कुलगुरूपदावर धर्मसुधारक यान हुस होता, ज्याला पुढे ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टान्स येथे जिवंत जाळण्यात आले. अशा वर्षी, अर्धे रिकामे झालेले एक विद्यापीठ आणि आपल्या वैभवाची जाणीव असलेले एक व्यापारी शहर यांच्यामध्ये हे घड्याळ आकाराला आले.

शिंडेलचा वाटा कोठे येतो, तर तबकडीत. ती तबकडी म्हणजे भिंतीवर टांगलेले, आपोआप फिरणारे एक यंत्रराज आहे. यंत्रराज म्हणजे पाश्चात्त्य ज्याला अ‍ॅस्ट्रोलेब म्हणतात ते उपकरण. आकाशाचा गोल एका सपाट पृष्ठावर उतरवायचा आणि त्यावर क्षितिज, विषुववृत्त, कर्कवृत्त, मकरवृत्त व राशिचक्र काढायचे, हे काम कितीही कुशल असला तरी लोहाराच्या किंवा घड्याळजीच्या अनुभवातून निघत नाही. त्याला गोलीय भूमिती लागते. दुसऱ्या बाजूने, एकाच आसावर तीन वेगवेगळ्या गतींची मोठी चक्रे बसवून ती अखंड चालू ठेवणे हे कोणत्याही कुलगुरूच्या हातचे काम नव्हते. दोघांपैकी कोणा एकाचे नाव घेऊन थांबणे मला म्हणूनच अपुरे वाटते. ज्यांना तबकडीची आणि चक्रांची माहिती आहे त्यांनी येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

सांजवात

अत्यंत माहितीपूर्ण लेखन. माझा एक प्रश्न आहे, आणि तो मूळ मुद्द्याशीच निगडित आहे. १४१० च्या दस्तऐवजात मिकुलाशचे नाव आहे, परंतु आपण दिलेल्या सारांशात शिंडेलचे नाव तेथे असल्याचा उल्लेख नाही. तो त्या वर्षी कुलगुरू होता आणि खगोलशास्त्रज्ञ होता, एवढ्यावरून त्याला निर्मात्यांमध्ये धरणे कितपत योग्य आहे? एका कथेतील कारागिराला बाजूला सारून आपण दुसऱ्या एका अनुमानाला तर जागा देत नाही ना?

ध्रुवमत्स्य

सांजवात, आपला प्रश्न रास्त आहे. दस्तऐवजाच्या आधारे निश्चित म्हणता येईल असे एकच नाव आहे आणि ते मिकुलाशचे. शिंडेलचा वाटा हे अभ्यासकांचे अनुमान आहे, आणि ते तसेच मांडले पाहिजे. मात्र हे अनुमान निव्वळ योगायोगावर उभे नाही. तबकडीची आखणी करू शकणारी माणसे त्या शहरात किती होती, हा विचार केला की वर्तुळ फार लहान होते, आणि त्या लहान वर्तुळात उपकरणांमध्ये प्रत्यक्ष रस असलेला माणूस म्हणून शिंडेल ठळकपणे दिसतो. ग्रहणे शोधण्यासाठी केलेल्या एका उपकरणाविषयीचे त्याचे लेखन हस्तलिखितात टिकले आहे. म्हणजे तो केवळ जुने ग्रंथ वाचून दाखवणारा अध्यापक नव्हता. आकाशाची गती एखाद्या यंत्रात कशी उतरवायची याचा विचार करणारा तो माणूस होता.

त्या वर्तुळातले दुसरे महत्त्वाचे नाव प्राखातित्से गावच्या क्रिश्त्यान याचे. तोही प्राग विद्यापीठाचा अध्यापक आणि पुढे अनेकदा कुलगुरू झालेला, यान हुसचा स्नेही, वैद्य व गणिती. १४०७ च्या सुमारास त्याने यंत्रराजाची रचना आणि यंत्रराजाचा वापर या दोन विषयांवर लॅटिन भाषेत दोन ग्रंथ लिहिले, आणि त्यांच्या प्रती युरोपात पुष्कळ ठिकाणी पोहोचल्या. घड्याळाच्या तीनच वर्षे आधी, त्याच शहरात, त्याच विद्यापीठात यंत्रराज कसे आखावे हे पायरीपायरीने शिकवले जात होते, ही गोष्ट मला शिंडेलच्या नावाइतकीच महत्त्वाची वाटते. उद्या एखादे हस्तलिखित सापडून आखणी शिंडेलची नव्हती, क्रिश्त्यानची किंवा त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याची होती असे दिसले, तरी विद्यापीठाचा त्या तबकडीतला वाटा कमी होणार नाही. मला स्वतःला शिंडेलच अधिक संभाव्य वाटतो.

काचबिंदू_प्राग

नोकरीनिमित्त काही वर्षे प्रागमध्ये राहत असल्याने या तबकडीखाली उभे राहून ती वाचण्याचा अभ्यास करता आला. दर तासाला वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरतात, सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, आणि तेवढे झाले की गर्दी पांगते. ज्या तबकडीसाठी थांबायला हवे ती कोणी पाहत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. प्रेषित हे नंतरच्या शतकांतील भर आहेत, तबकडी मात्र मूळ कल्पनेची आहे.

या तबकडीवर एकाच वेळी चार प्रकारचा काळ वाचता येतो. सोन्याचा हात असलेला काटा रोमन आकड्यांवर फिरतो. हे आकडे एक ते बारा असे दोनदा लिहिलेले आहेत, वर माध्यान्ह आणि खाली मध्यरात्र. आपण आज जो वेळ वापरतो त्याच्या सर्वांत जवळचा हा वाचनप्रकार. त्याच्या बाहेर काळ्या कड्यावर जुन्या वळणाचे सोनेरी आकडे १ ते २४ असे आहेत. हा जुना बोहेमियन वेळ असून त्यात दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो. सूर्यास्ताची वेळ रोज बदलते, म्हणून हे संपूर्ण कडे वर्षभर मागेपुढे सरकते, जेणेकरून २४ हा आकडा नेहमी सूर्यास्तावर राहील. ज्या शहरात वेशी सूर्यास्ताला बंद होत, तेथील माणसाला उजेड संपायला किती अवकाश आहे हे या कड्यावरून सरळ कळत असे, त्यामुळे ती पद्धत त्यांच्यासाठी अतिशय सोयीची होती.

तिसरा प्रकार मला सर्वांत सुंदर वाटतो. तबकडीच्या निळ्या भागावर वक्र सोनेरी रेषा आहेत आणि त्यांवर १ ते १२ हे आकडे आहेत. सूर्योदय ते सूर्यास्त हा काळ, तो कितीही मोठा वा लहान असो, बारा समान भागांत वाटायचा, अशी ही पद्धत आहे. प्रागमध्ये जूनच्या अखेरीस दिवस सोळा तासांहून मोठा असतो, त्यामुळे असा एक तास सुमारे ८२ मिनिटांचा होतो, आणि डिसेंबरात तो सुमारे ४० मिनिटांवर येतो. काट्यावरची सूर्याची सोनेरी प्रतिमा उन्हाळ्यात केंद्रापासून दूर आणि हिवाळ्यात केंद्राच्या जवळ असते, आणि त्या वक्र रेषांमधील अंतरे त्यानुसार आपोआप योग्य लांबीची ठरतात. त्यासाठी वेगळे चक्र नाही, वेगळा काटा नाही, केवळ रेषांच्या आखणीतून हे साधले आहे. चौथा काळ नाक्षत्र, म्हणजे ताऱ्यांच्या फिरण्यावरून मोजलेला; तो राशिचक्राच्या कड्याला जोडलेल्या लहान सोनेरी ताऱ्यावरून रोमन आकड्यांवर वाचता येतो.

डाव्या बाजूला पहाट आणि सूर्योदय, उजव्या बाजूला सूर्यास्त आणि संधिप्रकाश अशा अर्थाचे लॅटिन शब्द लिहिलेले आहेत, आणि खाली एक काळे वर्तुळ आहे. सूर्याची प्रतिमा त्या काळ्या वर्तुळात शिरली की पूर्ण रात्र झाली, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांपेक्षा खोल गेला, असे समजायचे. जूनच्या मध्यरात्री मात्र ही प्रतिमा काळ्या वर्तुळाच्या बाहेरूनच निघून जाते. हे पाहिल्यावर मी हिशेब केला. प्रागचे अक्षांश सुमारे ५० अंश आहेत, त्यामुळे उन्हाळी अयनदिनाच्या, म्हणजे २१ जूनच्या सुमाराच्या, मध्यरात्री सूर्य क्षितिजाखाली साडेसोळा अंशांच्या आसपासच असतो. त्या दिवसांत प्रागला खगोलशास्त्रीय अर्थाने रात्र होतच नाही, आणि हे घड्याळ ते बरोबर दाखवते.

पळसबन

काचबिंदू_प्राग यांनी सांगितलेला तिसरा काळ आपल्या पंचांगातील होऱ्यांशी थेट जुळतो. होऱ्यांच्या कोष्टकातही सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा समान भाग करून प्रत्येकाला एक ग्रह देण्याची पद्धत आहे. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने होरे मोजत गेले की आजच्या पहिल्या होऱ्यापासून पंचविसावा होरा उद्याचा पहिला ठरतो, आणि त्यावरून रवीनंतर सोम, सोमनंतर मंगळ हा वारांचा क्रम येतो. युरोपातही या विषम तासांना ग्रहांचे तास म्हणत असत. दोन्हीकडचा उगम ग्रीक ज्योतिषाच्या परंपरेत आहे.

पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर असा होरा वर्षभरात साधारण ५५ ते ६६ मिनिटांमध्येच हलतो, म्हणून आपल्याला तो तासासारखाच वाटतो आणि त्याच्या बदलाकडे लक्ष जात नाही. प्रागला तोच होरा दुपटीने लांबतो. तो काळ यंत्रावर दाखवण्याची निकड त्यांना का वाटली असेल, हे या आकड्यांवरून लक्षात येते.

दंतचक्र

यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी राहिलेलो असल्याने चक्रांविषयी लिहितो, कारण मिकुलाशची खरी करामत तेथे आहे.

तबकडीच्या मागे एकाच आसाभोवती फिरणारी तीन मोठी चक्रे आहेत. त्यांना अनुक्रमे ३६५, ३६६ आणि ३७९ दाते आहेत, आणि तिन्ही चक्रे २४ दात्यांच्या सारख्याच लहान चक्रांनी फिरवली जातात. लहान चक्रे सारख्या वेगाने फिरत असल्याने ज्या मोठ्या चक्राला दाते कमी ते अधिक लवकर फेरी पूर्ण करते. ३६६ दात्यांचे चक्र सूर्याचे. ते २४ तासांत एक फेरी करते. ३६५ दात्यांचे चक्र राशिचक्राचे, आणि त्याची फेरी २४ तासांच्या ३६५/३६६ एवढ्या काळात, म्हणजे २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत होते. हाच नाक्षत्र दिवस. वर्षभरात सूर्याच्या ३६५ फेऱ्या होतात तेव्हा राशिचक्राच्या ३६६ झालेल्या असतात, आणि त्या एका फेरीच्या फरकामुळे सूर्य राशिचक्रातून एकदा फिरून आलेला दिसतो. केवळ एका दात्याच्या फरकातून संपूर्ण वर्ष उभे करण्याची ही कल्पना मला अतिशय भावते. यातली तूट एवढीच की वर्ष नेमके ३६५ दिवसांचे नसल्यामुळे दर चार वर्षांनी सुमारे एका दिवसाची दुरुस्ती हाताने करावी लागते.

चंद्राचे ३७९ दात्यांचे चक्र अधिक विचार करायला लावते. चंद्र रोज सूर्याच्या मागे पडतो आणि सरासरी २९.५३ दिवसांनी दोघे पुन्हा एकत्र येतात. सूर्याच्या चक्राला ३६६ दाते असतील तर चंद्राच्या चक्राला किती हवेत, याचे गणित केले तर उत्तर ३७८.८ च्या आसपास येते. अपूर्णांकात दाते कापता येत नाहीत. ३७८ घेतले तर चांद्रमास साडेएकतीस दिवसांचा होतो, जो अजिबात चालणार नाही. ३७९ घेतले तर तो २९.१५ दिवसांचा होतो. म्हणजे दर महिन्याला सुमारे नऊ तासांची चूक राहते आणि चंद्राचा काटा अधूनमधून जुळवून घ्यावा लागतो, पण एकाच आसावर, एकाच मापाच्या लहान चक्रांनी चालवायचे ठरल्यावर याहून जवळची पूर्ण संख्या नाही. येथे मला ध्रुवमत्स्य यांचा मुद्दा पटतो. ३७८.८ हा आकडा खगोलशास्त्राच्या कोष्टकातून येतो, आणि ३७९ दाते हातकानसीने सारख्या अंतरावर कापणे हे कारागिराचे काम असते. पूर्ण वर्तुळाचे ३७९ समान भाग करण्याची सोपी भूमितीय रीत नाही, कारण ३७९ ही मूळ संख्या आहे, तिला दोनाने, तिनाने किंवा पाचाने भाग जात नाही.

आखणीविषयीही दोन शब्द. आकाशगोलावरचे प्रत्येक वर्तुळ या प्रक्षेपणात, म्हणजे गोल सपाट पृष्ठावर उतरवण्याच्या या पद्धतीत, सपाटीवरही वर्तुळच राहते, आणि केवळ ध्रुवातून जाणारी वर्तुळे सरळ रेषा होतात. हे फार पुरातन काळापासून ज्ञात असलेले तत्त्व आहे. त्याचा व्यवहारातील फायदा असा की गणितीने कारागिराला फक्त केंद्रबिंदू आणि त्रिज्या सांगायच्या, बाकीचे काम कंपासने होते. प्रागच्या तबकडीत प्रक्षेपण उत्तर ध्रुवातून केलेले आहे, त्यामुळे बाहेरचे वर्तुळ कर्कवृत्ताचे आणि आतले मकरवृत्ताचे आहे. विषुववृत्ताची त्रिज्या एक मानली तर बाहेरचे सुमारे १.५३ आणि आतले सुमारे ०.६६ त्रिज्येचे येते. राशिचक्र या दोघांना एकेका बाजूने स्पर्श करते, म्हणून त्याचे केंद्र तबकडीच्या केंद्रापासून सरकलेले असते. राशिचक्राचे कडे डुलत डुलत फिरल्यासारखे का दिसते, याचे कारण हे आहे. हाती बाळगायच्या यंत्रराजात बहुधा दक्षिण ध्रुवातून प्रक्षेपण करतात आणि तेथे मकरवृत्त बाहेर असते. उत्तर ध्रुव निवडल्यामुळे प्रागच्या तबकडीवर उन्हाळ्यातील माध्यान्हीचा सूर्य उंच आणि हिवाळ्यातील खाली दिसतो. चौकातल्या सामान्य माणसाला आकाशात जे दिसते त्याच्याशी हे जुळते. हा निर्णय कोणी घेतला असेल तर तो आकाशाकडे लोकांच्या बाजूने पाहणारा गणिती असला पाहिजे, असे मला वाटते.

ऋतुजा_नगरकर

दंतचक्र यांचा प्रतिसाद वाचताना यंत्रराजाच्या आपल्याकडील इतिहासाची आठवण झाली. महेंद्रसूरी या जैन पंडिताने १३७० मध्ये, फिरोजशहा तुघलकाच्या आश्रयाने, यंत्रराज याच नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. यंत्रराजावरचा संस्कृतातील तो पहिला ग्रंथ मानला जातो. क्रिश्त्यानचे ग्रंथ आणि महेंद्रसूरीचा ग्रंथ यांच्यात चाळीसहून कमी वर्षांचे अंतर आहे. दोघांनाही हे ज्ञान मूळ ग्रीक परंपरेतून, परंतु अरबी आणि फार्सी भाषांतील खगोलशास्त्रज्ञांच्या हातून मिळालेले होते. युरोपात ते अरबी स्पेनमार्गे गेले आणि आपल्याकडे दिल्लीच्या दरबारातून आले. पुढे सवाई जयसिंगाने जयपूरच्या वेधशाळेत धातूचे प्रचंड यंत्रराज उभारले, पण ते हाताने वापरायचे, निरीक्षणाचे साधन राहिले.

आपल्याकडे यंत्रराजाला घड्याळाची चक्रे का जोडली गेली नाहीत, हा प्रश्न या निमित्ताने मनात येतो. याचे एक कारण मला असे दिसते की वजनावर चालणारे यांत्रिक घड्याळ ही तेव्हा युरोपच्या नगरांची गरज होती, आणि ती पुरवणारा मिकुलाशसारखा कारागीरवर्ग तेथे नगरसभांच्या पैशावर उभा राहिला होता. आपल्याकडे घटिकापात्र हे काम समाधानकारकपणे करत होते.

गोदातीर

आज दिसणारे घड्याळ मूळ किती आणि बदललेले किती, हे कोणी सांगेल का? दुसऱ्या महायुद्धात ते जळाले होते, असे वाचल्याचे आठवते.

ध्रुवमत्स्य

गोदातीर, थोडक्यात सांगतो. सुमारे १४९० मध्ये खालची दिनदर्शिकेची तबकडी जोडण्यात आली, आणि हनुशचे नाव जर कोठे प्रामाणिकपणे जोडायचे असेल तर याच काळाशी जोडता येते. सतराव्या-अठराव्या शतकांत घड्याळ अनेकदा बंद पडले. १८६५-६६ मधील मोठ्या दुरुस्तीत रोमुआल्द बोझेक याने त्याला नवे कालमापक जोडले, त्यामुळे ते प्रथमच खऱ्या अर्थाने अचूक चालू लागले. तोवर, म्हणजे ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ करण्याच्याही आधीच्या तंत्रावर, हे घड्याळ शतकानुशतके चालत आले होते आणि घड्याळजीला ते सूर्याशी वारंवार जुळवावे लागत होते. त्याच दुरुस्तीच्या वेळी योसेफ मानेस या चित्रकाराने दिनदर्शिकेवर शेतीच्या वर्षातील बारा महिन्यांची चित्रे काढली. मूळ फलक आता संग्रहालयात असून मनोऱ्यावर प्रतिकृती आहे.

मे १९४५ मध्ये प्रागच्या उठावाच्या वेळी जर्मन सैन्याच्या माऱ्यात नगरभवनाला आग लागली, प्रेषितांच्या लाकडी मूर्ती जळाल्या आणि यंत्रणेचेही मोठे नुकसान झाले. वोयतेख सुखार्दा या शिल्पकाराने नवे प्रेषित घडवले आणि १९४८ मध्ये घड्याळ पुन्हा सुरू झाले. २०१८ मध्ये अनेक महिने ते उतरवून दुरुस्त करण्यात आले आणि मधल्या काळात बसवलेली विद्युत यंत्रणा काढून एकोणिसाव्या शतकातील यांत्रिक पद्धत परत आणण्यात आली. त्या दुरुस्तीनंतर लावलेल्या दिनदर्शिकेच्या प्रतिकृतीवर, मानेसच्या चेहऱ्यांशी ती जुळत नाही म्हणून, टीकाही झाली.

तरीही ३६५, ३६६ आणि ३७९ या संख्यांवर आधारलेली रचना आणि तबकडीची भूमिती ही मूळ कल्पना आहे, आणि लाकूड, रंग व मूर्ती बदलल्या तरी ती बदललेली नाही. माझ्या मते घड्याळ जुने आहे की नवे हे ठरवताना वजन या गोष्टीला दिले पाहिजे.

सांजवात

शिंडेलचे पुढे काय झाले, हेही कृपया सांगावे. हुसच्या मृत्यूनंतर त्या विद्यापीठातील माणसांची वाताहत झाली असणार.

ध्रुवमत्स्य

तशी ती झालीच. १४१९ मध्ये राजा वाक्लाव वारला, प्रागमध्ये नगरसभासदांना खिडकीतून खाली फेकण्यात आले, आणि हुसच्या अनुयायांची युद्धे सुरू झाली. क्रिश्त्यान हुसच्या सुधारणेच्या बाजूने उभा राहिला. शिंडेल कॅथलिक राहिला आणि त्याला प्राग सोडावे लागले. तो न्यूर्नबर्गला गेला, तेथे बरीच वर्षे शहराचा वैद्य म्हणून राहिला, आणि सम्राट सिगिस्मुंड याचीही त्याने वैद्य म्हणून सेवा केली. १४३६ मध्ये तह झाल्यावर तो प्रागला परतला आणि पुढे विशेह्राद येथील धर्मपीठाचा प्रमुख झाला. १४५० च्या दशकात तो वारला तेव्हा ऐंशीच्या आसपास असावा. त्याने आपला हस्तलिखितांचा मोठा संग्रह विद्यापीठाला दिला. त्याच्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे प्रागला आला, तेव्हा शिंडेलच्या खगोलशास्त्रीय नोंदींची त्याने दखल घेतली होती.

क्रिश्त्यान आणि शिंडेल, एकाच विद्यापीठातले दोन खगोलशास्त्रज्ञ, धर्माच्या प्रश्नावर परस्परविरोधी बाजूंना गेले, याचा विचार या संदर्भात आवर्जून व्हावा असे मला वाटते. १४१० मध्ये ते एका छताखाली शिकवत होते. दहा वर्षांनंतर त्याच तबकडीची आखणी करण्यासाठी प्रागमध्ये शिंडेल नसता, आणि युद्धाच्या दिवसांत मिकुलाशच्या कामासाठी नगरसभेने पैसा काढला असता असेही वाटत नाही.